पुठ्ठ्यावरची सुवर्णखाण

कर्नाटकातील कोलार येथे, सन 1880 नंतर, लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने सोन्याच्या खाणींचा कारभार हाती घेतला, आणि पाहता पाहता त्या उजाड माळावर एक नगरी उभी राहिली.

घर कोठे बांधावे, दिवा कोणाकडे लागावा, सारे कंपनीच्या मर्जीवर.

शिक्षकबंधुभगिनींनो, हा अंमल फळ्यावर सांगून मुलांना उमगत नाही. पुठ्ठ्याची प्रतिकृती करताना उमगतो.

आधी खाणीच्या तोंडावरचा उंच मनोरा काड्यांनी उभारावा.

मग गोऱ्या अधिकाऱ्याचा बंगला, प्रशस्त आवार व बागेसह, ऐसपैस मांडावा.

त्यानंतर मजुरांच्या वस्तीतील, बांबूच्या तट्ट्यांच्या, एकमेकींना खेटून असलेल्या झोपड्या.

एका बंगल्याच्या आवारात अशा किती झोपड्या मावतील, हे मुलांनाच मोजू द्यावे. मात्र प्रमाण काटेकोर राखावे, एरवी सगळा पोरखेळ व्हायचा!

1902 साली शिवनसमुद्रमच्या धबधब्यावरून वीज आली.

तिची तार दोऱ्याने ओढावी.

ती कशासाठी आणली, हे विचारावे. उत्तर आहे, खाणीच्या यंत्रांसाठी.

पुन्हा सांगतो: कंपनीचा अंमल हाताने मांडला, म्हणजे उमगतो.

आणि सोने काढून उरलेल्या रेतीचे डोंगर प्रतिकृतीतून वगळू नका.

2001 साली खाणी बंद झाल्या, तरी ते डोंगर तिथेच राहिले आहेत.