मालधक्क्यावरून कॅनडाला : पैसे देण्याआधी कागद वाचा
(रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त सभेतील भाषण)



युनियनच्या कचेरीत बदलीचे, थकबाकीचे अर्ज येतात, तसा हल्ली आणखी एक कागद येतो : 'मटेरियल हँडलर, कॅनडा'. आमच्याच एका ट्रॅकमन बंधूने पीएफमधून पैसे काढून मुलासाठी एजंटाला सहा लाख रुपये दिले. हाती आले ते फक्त एक पत्र.

मटेरियल हँडलर म्हणजे कोण? मालधक्क्यावर वाघिणीतून पोती उतरवणारा, आरएमएसमध्ये थैल्या चढवणारा. महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्याने ज्याला माथाडी म्हणून संरक्षण मिळाले, तोच. तिथे हातात स्कॅनर आणि शेजारी फोर्कलिफ्ट. कंबर मात्र तशीच दुखते. या कामाला आम्ही कमी लेखत नाही. कमी लेखतात ते तिथले नियम.

कॅनडा सरकारच्या वर्गवारीत या कामाचा क्रमांक ७५१०१, श्रेणी पाचवी, म्हणजे सर्वांत खालची. एक्स्प्रेस एंट्रीला शून्य ते तीन या श्रेणींतला अनुभव लागतो. अटलांटिक प्रांतांची योजना चौथ्या श्रेणीवर थांबते. तेव्हा 'दोन वर्षांत पीआर' असे या कामावर सांगणारा एजंट खोटे बोलतो. काही प्रांतांच्या नामांकन योजना आहेत, पण त्यांच्या याद्या सतत बदलतात.

उरतो वर्क परमिट. त्यासाठी बहुधा मालकाला आधी एलएमआयए ही मंजुरी घ्यावी लागते. स्थानिक माणूस मिळत नाही हे दाखवावे लागते. तिची फी एका जागेमागे १००० डॉलर. ती मालकाने भरायची, कामगाराकडून वसूल करायची नाही. २६ सप्टेंबर २०२४ पासून, ज्या महानगरांत बेकारी ६ टक्के किंवा अधिक आहे तिथले कमी वेतनाचे अर्ज, काही क्षेत्रे सोडून, विचारातच घेतले जात नाहीत. गोदाम त्या सवलतीत नाही. मंजुरी मिळालीच तर एक वर्षाची, आणि परमिट त्याच मालकाला बांधलेला. छळ झाल्यास खुल्या परमिटसाठी अर्ज करता येतो, ही सोय २०१९ पासून आहे. मुलांना हे आवर्जून सांगा.

आता आपला कायदा. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरी देणारा एजंट नोंदणीकृतच हवा. त्याने घ्यायची सेवाफी जास्तीत जास्त ३०,००० रुपये, अधिक जीएसटी. 'मी फक्त सल्लागार' असे तो म्हणेल. पण नोकरी लावून देतो म्हटले की तो भरती एजंटच. ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक पाहता येतो. पाहायला दहा मिनिटे लागतात, सहा लाख फेडायला किती वर्षे लागतात ते सोसायटीचे हप्ते भरणाऱ्यांना ठाऊक आहे.

तिथे पोचलेल्यांचेही ऐका. क्वेबेकमधील लावाल येथील ॲमेझॉनच्या गोदामात मे २०२४ मध्ये युनियनला मान्यता मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने त्या प्रांतातली सगळी गोदामे बंद करण्याची घोषणा केली. सुमारे १७०० कायम कामगारांच्या नोकऱ्यांवर गदा आली. युनियनशी याचा संबंध नाही, असे कंपनीने सांगितले. बांधलेला परमिट असलेल्या माणसाची अशा वेळी काय गत होते, त्याचा विचार करा.

आमच्या ट्रॅकमन बंधूची तक्रार पोलिसांत दिली आहे, प्रत उत्प्रवासी संरक्षकाकडे पाठवली आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत. ज्यांच्या घरी असे पत्र आले असेल त्यांनी सभा संपल्यावर ते टेबलापाशी घेऊन यावे. आम्ही रात्री नऊपर्यंत बसणार आहोत.