तराजू कुणाच्या हातात?

(चाकण परिसरातल्या कामगार स्त्रियांच्या गटांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि आपल्या देशात पेनिसिलिन बनू लागलं. मोटारींचे कारखाने इथे त्यानंतर आले. औषधाच्या कारखान्याशेजारी वाढलेल्या या पट्ट्यात मी गेली काही वर्षं वस्त्यांमधून काम करते आणि रोज गोळी घेणाऱ्या बाईला विचारते, "गोळीचं नाव काय?" उत्तर येतं, "पांढरी, लांबट." किंवा, "फिटची गोळी." आज मी या फिटच्या गोळीबद्दल बोलणार आहे. पण बीपी, साखर, थायरॉईड, संधिवात, ज्या कुणाला कायमची गोळी आहे त्या प्रत्येकीला हे लागू आहे.

एक बाई. नाव सांगत नाही. मराठवाड्यातून लग्न होऊन इकडे आली. चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे वायरिंगच्या लाइनवर कामाला. चौदाव्या वर्षापासून फिट यायच्या. माहेरच्यांनी लग्नात लपवलं. गोळ्या ती तांदळाच्या डब्यात ठेवायची. माझी ओळख झाली तेव्हा मी तिला एवढंच सांगितलं, "गोळी चुकवू नकोस." ती चुकवत नव्हती.

मग दिवस गेले. दोन महिने उलटल्यावर कळलं. शेजारची म्हणाली, "गोळी पोटातल्या बाळाला लागते." हिने कुणालाही न विचारता गोळी बंद केली. नवव्या दिवशी लाइनवरच फिट आली, ती कडेच्या लोखंडी रॅकवर पडली. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा. कपाळाला टाके पडले. घरी सगळं उघड झालं आणि कामही गेलं.

हे ऐकून आपल्याला पटकन वाटतं, शेजारणीचं अज्ञान! मलाही तसंच वाटलं होतं. पण मी तिची चिठ्ठी घेऊन मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा कळलं, की शेजारीण निम्मी बरोबर होती. ती गोळी सोडियम व्हॅल्प्रोएट होती. फिटवर ती चांगलं काम करते. पण गरोदरपणात ती घेणाऱ्या १०० बायकांमागे साधारण १० बाळांना जन्मतः व्यंग असतं. एरवी हे प्रमाण १००ला २ ते ३ असतं. शिवाय ३० ते ४० मुलांना पुढे बोलण्यात, शिकण्यात, वाढीत अडचणी येऊ शकतात. मुलं होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ही गोळी देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये बजावलं आहे. या बाईला पंधराव्या वर्षापासून ती चालू होती. लग्न ठरलं, झालं, तरी लिहून देणाऱ्या एकानेही तिला हे सांगितलं नाही. मीही नाही. मला माहीतच नव्हतं. समाजकार्याची पदवी होती, तळमळ होती, पण गोळीचं नाव वाचायची सवय नव्हती.

आता दुसरं पारडं बघा. फिटची गोळी एकदम बंद केली की फिट जास्त जोरात येऊ शकते, एकामागून एक येऊ शकते. त्यात आई दगावू शकते, बाळही. स्टोव्हजवळ, प्रेसजवळ, विहिरीवर आलेली फिट म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. आणि बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण चार आठवड्यांत बंद होते. म्हणजे हिने गोळी सोडली तोवर शारीरिक व्यंगाचा बराचसा धोका होऊन गेलेला होता. फायदा थोडा आणि नवा धोका मोठा, असा तो सौदा झाला. तोलायची खरी वेळ लग्नाआधी होती. तेव्हा लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटाम यांसारखी कमी धोक्याची गोळी हळूहळू सुरू करता आली असती. फॉलिक अॅसिड आधीपासून देता आलं असतं. पण जो आजार लपवायचा, तो तोलणार कसा?

आपल्या चळवळीला औषधांचा प्रश्न नवा नाही. गर्भ राहिला की नाही हे बघायला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनचे जबर डोस दिले जात, त्याविरुद्ध स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते वर्षानुवर्षं लढले. १९८२ साली बंदीचा हुकूम निघाला, कंपन्यांनी कोर्टातून स्थगिती आणली, शेवटी १९८८ साली बंदी आली. त्या लढ्याने आपल्याला संशय घ्यायला शिकवलं. तो हवाच. पण ते औषध अनावश्यक होतं, नाही म्हणणं सोपं होतं. कायमच्या आजारात औषध घेण्यात धोका असतो आणि न घेण्यातही असतो. तिथे नुसता संशय पुरत नाही. दोन्ही पारड्यांत काय आहे ते बघावं लागतं. योग्य औषधोपचार मिळाले तर १०० पैकी ७० जणांच्या फिट थांबू शकतात, हेही त्या पारड्यात टाकावं लागतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून फिटचा आजार असलेल्या गरोदर स्त्रियांची नोंद ठेवली जाते. अशा नोंदींतून दिसतं, की आजार सांभाळून बहुतेकींची बाळंतपणं सुखरूप होतात, मुलं धडधाकट असतात.

आणि तराजू धरतं कोण? सासरला वारसाचं वजन जास्त. ठेकेदाराला लाइन थांबू नये याचं. डॉक्टरपुढे रांग असते. बाईच्या स्वतःच्या जिवाचं, तिच्या कामाचं, तिच्या झोपेचं वजन कोण टाकणार? ते तिनेच टाकायचं. त्यासाठी तिच्या हातात माहिती हवी.

म्हणून प्रत्येक गटात हे प्रश्न पाठ करा. गोळीचं नाव काय, डोस किती? ही नाही घेतली तर काय होईल? हिचा त्रास कोणता, त्यातला कुठला दिसला की लगेच यायचं? मला मूल हवं असेल तर ही चालेल का, आणि बदलायची तर केव्हा? अंगावर पाजताना चालेल का? माझ्या दुसऱ्या गोळ्यांशी हिचं जमतं का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्या नीट काम करत नाहीत. तांबीला त्याची अडचण नाही. हे न सांगितल्यामुळे नको असताना दिवस गेले, तर दोष बाईवर येतो.

आणखी एक. रात्रपाळीचं जागरण हेही अनेकींच्या फिटचं कारण असतं. अशा बाईला दिवसपाळी मिळावी, हा औषधाइतकाच उपचार आहे. तो गटाने मिळून मागायचा. कारखान्यात विमा कापला जात असेल तर इएसआयचं कार्ड ठेकेदाराकडून मागून घ्या. ज्यांना ते नाही त्यांनी वायसीएममध्ये केसपेपर काढून जुन्या चिठ्ठ्या सोबत न्या. आणि लपवू नका असं मी म्हणते तेव्हा त्यामागे कायदाही आहे. पूर्वी फिट येतात म्हणून लग्न रद्द करून मागता येत असे. १९९९च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातून तो शब्द काढून टाकला आहे. कायदा बदलला, घरं बदलायची आहेत. ते तिच्या एकटीच्या अंगावर टाकू नका, सोबत जा.

त्या बाईला मुलगी झाली. चालायला लागली वेळेवर, बोलायला उशिरा. गोळीमुळे की आणखी कशामुळे, हे कुणी सांगू शकत नाही. तिने मला विचारलं, "ताई, तुम्हाला माहीत होतं का?" मी नाही म्हणाले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग आता दोघी शिकू."

डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिची गोळी सावकाश बदलली. दीड वर्षात फिट नाही. गोळ्या आता डब्यात नाहीत, फळीवर आहेत. आणि वस्तीत कुणी "पांढरी, लांबट" म्हणालं की ती म्हणते, "पाकीट आण. आधी नाव वाचू."