जखमेची साक्ष

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय भारी आहे: वांशिक आघात, मानवी हक्कांचं काम आणि मानसशास्त्र. त्यातल्या पहिल्याच शब्दावर कुणी अडेल. आपण मराठी मुसलमान, आपला वंश कुठे वेगळा आहे? आपल्यातल्या बहुतेकांचे पूर्वज इथलेच, बोली इथलीच, भाकरीही इथलीच. मान्य. पण भाड्याचं घर बघायला गेल्यावर आडनाव ऐकून घरमालकाचा चेहरा बदलतो, तेव्हा छातीत जी धडधड होते ती वंश आणि धर्म असा फरक करत नाही. वर्गात कुणीतरी ‘पाकिस्तानात जा’ म्हणतं आणि सगळे हसतात, त्या रात्री झोप लागत नाही. आमच्या दलित मित्रांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांनाही ठाऊक आहे. म्हणून आज मी बाहेरच्या गोष्टी सांगणार आहे, आणि शेवटी आपल्या मोहल्ल्यात येणार आहे.

आधी एक कडू गोष्ट. मी समुपदेशनाचं काम करते, तरी सांगते की माझं शास्त्र नेहमी पीडितांच्या बाजूने उभं राहिलेलं नाही. फ्रेंच राजवटीतल्या अल्जीरियात मनोविकारतज्ज्ञांचं एक अख्खं घराणं होतं. अंत्वान पोरो हे त्याचे प्रमुख. उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानाचा मेंदूच अविकसित आहे, तो जन्मतः हिंसक आणि खोटारडा आहे, असं हे लोक शोधनिबंधांत लिहीत आणि विद्यार्थ्यांना शिकवत. म्हणजे जमीन गेली, भाषा गेली, वर माणूस चिडला तर तो आजारी!

१९५३ मध्ये फ्रान्त्झ फॅनन नावाचा तरुण डॉक्टर ब्लीदाच्या इस्पितळात रुजू झाला. मार्तिनिकचा, कृष्णवर्णीय. त्याच्याकडे १६५ युरोपीय स्त्रिया आणि २२० मुस्लिम पुरुष असे दोन विभाग आले. रुग्णांना कोंडून न ठेवता एकत्र काम, करमणूक, सण यांतून माणसांत आणायचं, ही फ्रान्समध्ये शिकलेली पद्धत त्याने दोन्हीकडे सुरू केली. स्त्रियांच्या विभागात ती चांगली चालली. पुरुष मात्र गप्प बसून राहिले. जुन्या घराण्यातला डॉक्टर म्हणाला असता, बघा, यांच्या मेंदूतच खोट आहे. फॅनन आणि त्याचा सहकारी जाक अझुले यांनी उलटा विचार केला. सण त्यांचे नाहीत, भाषा त्यांची नाही, डॉक्टर दुभाष्यामार्फत बोलतो; हे लोक बोलतील कशाला? मग इस्पितळात तिकडच्या पद्धतीचं कॉफीघर उघडलं, ईद साजरी होऊ लागली, मुफ्ती येऊ लागले, गोष्टी सांगणारा कथेकरी बोलावला. माणसं हलू लागली. या दोघांनी हे सगळं १९५४ मध्ये लिहून प्रसिद्धही केलं. मला यातलं सर्वांत आवडतं ते हे की उपचार फसला तेव्हा फॅननने दोष रुग्णात न शोधता उपचारात शोधला. दोन वर्षांनी त्याने राजीनामा दिला. ज्या देशात माणसाला स्वतःच्याच घरात परकं केलं जातं, तिथे माणसं बरी कशी करायची, हा त्याचा मुद्दा होता.

त्याच सुमारास अमेरिकेत मानसशास्त्र कोर्टात उभं राहिलं. केनेथ आणि मेमी क्लार्क हे कृष्णवर्णीय जोडपं. मूळ काम मेमीचं, तिच्या एम.ए.च्या प्रबंधातून आलेलं. नाव मात्र नवऱ्याचंच जास्त झालं. चार बाहुल्या, रंग सोडला तर अगदी सारख्या. लहान मुलांना विचारायचं: खेळायला कोणती घेशील? चांगली कोणती? वाईट दिसते ती कोणती? आणि सगळ्यांत शेवटी: तुझ्यासारखी कोणती? या शेवटच्या प्रश्नाला काही मुलं रडू लागत, काही खोलीतून निघून जात. साउथ कॅरोलायनातल्या एका खटल्यासाठी केनेथ यांनी १६ मुलांची चाचणी घेतली. १० जणांना गोरी बाहुली आवडली, ११ जणांनी तपकिरी बाहुलीला वाईट ठरवलं. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधली वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा निकालाच्या अकराव्या तळटीपेत क्लार्क यांच्या लेखनाचा उल्लेख होता.

या प्रयोगावर टीकाही झाली, आणि ती रास्त आहे. उत्तरेकडच्या मिश्र शाळांतल्या कृष्णवर्णीय मुलांनीही गोरीच बाहुली निवडली होती, किंबहुना थोडी जास्तच. मला मात्र वेगळीच गोष्ट खुपते. न्याय मिळवायला मुलांना तुटलेलं दाखवावं लागलं. आपल्याबद्दलचे अहवाल वाचा, तिथेही हाच सूर असतो: बिचारा मुसलमान, भेदरलेला, मागासलेला. हक्क मागण्यासाठी आधी आपण किती मोडलोय हे सिद्ध करायचं का? शाळा वेगळ्या ठेवणं चूकच होतं, मग सगळी मुलं हसतखेळत मोठी झाली असती तरीही.

ही अडचण सोडवणारी वाट मला चिलीत सापडते. १९७३ मध्ये तिथे लष्कराने सत्ता बळकावली. हजारो लोकांना उचललं, छळलं, कित्येक बेपत्ता झाले. चर्चच्या आश्रयाने काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ छळाच्या जबान्या टिपून घेत होत्या, जगाला कळावं म्हणून. टिपताना त्यांच्या लक्षात आलं की जबानी देणारा माणूस सावरतोय. मग त्यांनी त्याची पद्धतच बसवली. एलिझाबेथ लिरा आणि युजेनिया वाइनस्टाइन यांनी १९८३ मध्ये ती अमेरिकेतल्या एका शास्त्रीय नियतकालिकात मांडली, तीही टोपणनावांनी. खरं नाव छापलं असतं तर त्यांनाच उचललं असतं.

पद्धत ऐकायला साधी आहे. माणूस बोलतो, ते ध्वनिमुद्रित होतं, नंतर लिहून काढलं जातं. मग दोघं मिळून वाचतात. तो म्हणतो, हे असं नव्हतं, हे आधी घडलं, हा शब्द काढा. पुन्हा लिहायचं. छळाच्या खोलीपासून सुरुवात करायची नाही. आधी तो कोण होता, काय काम करायचा, कशावर विश्वास ठेवायचा, हेही यायला हवं. शेवटी तयार झालेला कागद त्याचा. कोर्टात द्यायचा, नातेवाइकांना द्यायचा की पेटीत ठेवायचा, हे तोच ठरवणार.

‘जबानी’ हा शब्द आपल्याकडे पोलीस ठाण्यातला. तिथे आपण बोलतो एक, आणि कागदावर उतरतं पंचनाम्याच्या भाषेत भलतंच. खाली सही करा. चिलीतल्या जबानीत मालक बदलतो, एवढाच फरक, पण त्यातच सारं आलं. छळाचा हेतू माणसाची जबान काढून घेण्याचा असतो. रात्री येणारी ती तुकड्यातुकड्यांची चित्रं एका धाग्यात ओवली गेली की त्यांना आधी आणि नंतर मिळतं. आणि ‘माझं काहीतरी चुकलं’ ही शरम ‘माझ्यावर गुन्हा झाला’ या वाक्यात बदलते. तो माणूस बिचारा राहत नाही. तो साक्षीदार होतो.

ही पद्धत पुढे डेन्मार्कमध्ये निर्वासितांसाठी वापरली गेली आणि तिथून भारतात आली. वाराणसीच्या मानवाधिकार जननिगरानी समितीने डॅनिश तज्ज्ञांबरोबर उत्तर प्रदेशात पोलिसी छळ सोसलेल्या लोकांसोबत ती वापरून पाहिली. २००९ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. चार भेटी: पहिल्या दोन लिहिण्याच्या, चौथी विचारपूस करण्याची. तिसरी मात्र समारंभाची. लोकांसमोर निवेदन वाचून सन्मानाने त्या व्यक्तीच्या हाती द्यायचं. ज्याला लोकांदेखत अपमानित केलं, त्याचा मानही लोकांदेखतच परत करायचा. प्रयोग लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे रामबाण उपाय म्हणून मी तो सांगणार नाही. पण कल्पना पक्की आपल्या मातीतली वाटते.

कायद्याच्या बाजूनेही काही घडलं आहे. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ सुपूर्द झाला, छळाची वैद्यकीय आणि मानसिक तपासणी कशी करावी याची नियमावली. त्यातली एक गोष्ट प्रत्येक वकिलाने पाठ करावी: छळ सोसलेल्या माणसाच्या सांगण्यात तारखा चुकल्या, क्रम बदलला, तर तेवढ्यावरून तो खोटं बोलतो असं ठरत नाही. आघाताने स्मृती अशीच होते. भारताने छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, अजून तो मंजूर केलेला नाही.

आणि ज्यांना वाटतं की पोरोचा जमाना संपला, त्यांच्यासाठी: ११ सप्टेंबरनंतर सीआयएच्या कैद्यांवर वापरलेल्या क्रूर चौकशीची पद्धत दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आखून दिली होती. त्यांच्या कंपनीला त्याचे ८ कोटी डॉलरहून जास्त मिळाले. म्हणून कुणी ‘मी मानसशास्त्रज्ञ आहे’ म्हणालं की विचारा, कुणासाठी काम करता?

आता मोहल्ल्यात येऊ. एल साल्वादोरमधले मानसशास्त्रज्ञ आणि पाद्री इग्नासिओ मार्तिन-बारो यांना १९८९ मध्ये लष्कराने ठार मारलं. त्यांची आठवण झाली की मला वाटतं, ‘आघातपश्चात’ या शब्दातला ‘पश्चात’च आपल्याकडे लागू पडत नाही, घाव अजून चालूच आहे. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. हातातला मोबाईल उघडला की मारहाणीचा नवा व्हिडिओ येतो. तो पुढे पाठवू नका. पुरावा म्हणून लागला तर वकिलाला द्या, मोहल्ल्याच्या ग्रुपवर नको.

तुमच्यातले काही जण घटना घडली की सत्यशोधनाला जातात. तिथे एका बाईला दहा जणांपुढे दहा वेळा तेच सांगायला लावू नका. एकाने ऐकावं, एकाने लिहावं. कॅमेरा आधी काढायचा नाही. ‘काय झालं’ विचारण्याआधी ‘आज रात्री सोबत कोण आहे’ विचारा. लिहिलेलं तिला वाचून दाखवा, ती म्हणेल ते खोडा, एक प्रत तिच्याकडे ठेवा. उठण्याआधी चहा होऊ द्या, मुलांच्या शाळेचं विचारा. त्या दिवसात तिला एकटी सोडून निघू नका. तुम्ही डॉक्टर नाही, हेही लक्षात ठेवा. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, मरणाच्या गोष्टी चालल्या आहेत, तर मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचं. लगेच कुणी मिळत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, मराठीतही बोलतात. आणि घरात ‘जिन लागलाय’ असं म्हणत असतील तर भांडू नका. दुआ चालू द्या, गोळ्याही चालू द्या.

एक शेवटचं. १९९२-९३ च्या मुंबईतल्या दंगलीत श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू नोंदवले. तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली मुलं आज तुमचे अम्मी-अब्बा आहेत. संध्याकाळ झाली की फोन करून ‘कुठे आहेस, लवकर ये’ म्हणणारे, दाढी ठेवू नको म्हणणारे, सोसायटीत कुणाशी वाद घालू नको म्हणणारे. तुम्हाला ते घाबरट वाटतात. त्यांना कधी विचारलंय का, त्या दिवसांत तुम्ही कुठे होता? विचारा, आणि नको म्हणाले तर त्या दिवशी सोडून द्या.

आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या मुलींपासून सुरुवात करू.