बरगड्यांचा मऊपणा कुठून येतो?



मिरारोड-भाईंदरच्या पुष्कळ स्वयंपाकघरांत ओट्याच्या कोपऱ्यात एक ओव्हन असतो. वर्षातून दोन-चार वेळा त्यात केक होतो, नाताळात बिस्किटं होतात, एरवी त्याच्या पोटात कढया आणि तवे ठेवलेले असतात. आजचं माझं म्हणणं या पेटीबद्दल आहे. डुकराच्या बरगड्या, ज्यांना हॉटेलात बार्बेक्यू रिब्स म्हणतात, त्या दात लावताच हाडावरून सुटाव्यात इतक्या मऊ करायला धूर लागत नाही, कोळसा लागत नाही आणि अंगणही लागत नाही. त्यांना वेळ लागतो, बेताची आंच लागते आणि कोंडलेली वाफ लागते, आणि या तिन्ही गोष्टी घरचा ओव्हन देऊ शकतो. ओव्हनमधल्या बरगड्या म्हणजे खऱ्या पदार्थाची तडजोड, अशी एक समजूत आहे. ती मला चुकीची वाटते. का, ते सांगतो.

हा विषय या गावात मांडायला कारण आहे. १५३४ च्या तहाने वसईबरोबर साष्टी, म्हणजे भाईंदर ज्यावर आहे ते बेट, तीही पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मधल्या दोनशे वर्षांत इथली जी कुटुंबं ख्रिस्ती झाली, त्यांनी धर्म बदलला पण मराठी बोली सोडली नाही, लुगडं सोडलं नाही आणि चूलही सोडली नाही. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवात, या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. उत्तन, पाली, डोंगरी इथल्या त्यांच्या घरांत पोर्क हा सणाचा आणि लग्नाचा पदार्थ आहे. त्यातलं इंद्याल हे पोर्तुगिजांच्या ‘विन्या द आल्योस’चं, म्हणजे द्राक्षमद्य आणि लसूण यांत मुरवलेल्या मांसाचं, इथल्या मातीत वाढलेलं रूप. त्याच घरांत उन्हाळ्यात मिरच्या आणि गरम मसाल्याचे जिन्नस वाळवून, भाजून, कुटून गडद बाटल्यांत ठासून भरतात. म्हणूनच त्याला बॉटल मसाला म्हणतात. एवढी मोठी परंपरा असूनही बरगडी इथे बहुतेक वेळा रश्श्यातच जाते, कारण खाटकाच्या ठोकळ्यावर सत्तूर पडला की बरगड्यांच्या सलग फळीचे बोटभर तुकडे होतात. अखंड फळी घरी येतच नाही, त्यामुळे ती भाजायचा विचारही कुणाला सुचत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बरगड्यांमधले स्नायू जनावर जिवंत असेपर्यंत प्रत्येक श्वासाबरोबर हलतात. जो स्नायू सतत काम करतो त्यात जोडणारे तंतू जास्त असतात, आणि ते तंतू कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. मांस तापू लागलं की साधारण ६० अंश सेल्सियसच्या पुढे हे तंतू आखडतात आणि ओला टॉवेल पिळावा तसा मांसातला रस बाहेर काढतात. बरगडी ७० अंशांवर पोचते तेव्हा ती शिजलेली असते, खायला सुरक्षित असते, आणि चामड्यासारखी चिवट असते. पुष्कळ लोक इथेच थांबतात आणि पोर्क चिवटच असतं असा निष्कर्ष काढतात. पण याच तापमानाच्या पुढे कोलॅजन विरघळू लागतं आणि त्याचं जिलेटिन होतं. पायांचा रस्सा थंड झाला की जो चिकट, थरथरता गोळा होतो, तेच हे जिलेटिन. हे काम ७० अंशांवर फार हळू चालतं, ९० च्या आसपास झपाट्याने, तरीही त्याला तासांच्या हिशेबात वेळ लागतो. म्हणून बरगडीचा आतला भाग ९० ते ९५ अंशांवर नेऊन तिथे काही काळ ठेवावा लागतो. जास्त शिजवलं की मांस कोरडं होतं, हा नियम कोंबडीच्या छातीच्या तुकड्याला लागू आहे. तिथे कोलॅजन नगण्य असतं. बरगडीत पिळून गेलेल्या रसाची जागा जिलेटिन आणि वितळलेली चरबी घेतात. दोन्ही मांसांना एकच नियम लावणं हीच मुळातली चूक.

मग प्रश्न येतो की मंद आंचेवर ठेवलेली बरगडी ९० अंशांपर्यंत पोचायला इतका वेळ का घेते. अमेरिकेत धुरावर मांस शिजवणाऱ्यांना हा अनुभव नेहमीचा आहे: तापमान चढत चढत साधारण ६५ ते ७५ अंशांच्या पट्ट्यात येतं आणि तिथेच कितीतरी वेळ अडून बसतं. याचं कारण भाईंदरकरांना समजावून सांगायची गरज पडू नये. खाडीकाठच्या मिठागरांत उन्हाची बरीच शक्ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. माठातलं पाणी थंड राहतं तेही याच कारणाने. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी पुरते, पण त्याच एका ग्रॅमची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. उघड्या मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडत राहतं, तोवर मांस माठासारखं स्वतःला थंड करत असतं. वाफ अडवली की हा अडसर सुटतो. म्हणून अमेरिकेतल्या बार्बेक्यूच्या स्पर्धांत उतरणारे आचारी अर्ध्या वाटेत मांस फॉइलमध्ये घट्ट गुंडाळतात. या युक्तीला त्यांनी ‘टेक्सास क्रच’, म्हणजे टेक्सासची कुबडी, असं नाव दिलं आहे. माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा मला इथे दिसतो. फॉइल गुंडाळल्यानंतर मांसापर्यंत धुराचा कणही पोचत नाही. त्या क्षणापासून लाकडाची ती भट्टी आणि आपल्या ओट्यावरचा ओव्हन यांत मांसाच्या दृष्टीने काही फरक उरत नाही, आणि मऊपणाचं मोठं काम नेमकं त्याच टप्प्यात होतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: धुराशिवाय बार्बेक्यू कसलं? हा आक्षेप मी हलका मानत नाही. ‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे आला आणि तो मुळात विस्तवावर उभारलेल्या लाकडी मांडवाचा वाचक होता. लाकडातलं लिग्निन जळताना जी सुगंधी द्रव्यं सुटतात ती ओव्हन निर्माण करू शकत नाही, हे मान्यच करायला हवं. पण धुराची चव मांसात काही मिलिमीटरच शिरते, आणि कडेला दिसणारं ते गुलाबी वलय धुरातल्या वायूंमुळे येणारा केवळ रंग आहे, त्याला चव नाही. चव ही एक गोष्ट आणि मऊपणा ही दुसरी. आपल्याकडची पोपटी पाहा. अलिबागकडे थंडीत मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालतात, त्यात वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, हवी तर कोंबडी भरतात, तोंड पाल्यानेच बंद करतात आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. आग बाहेर, वाफ आत. ज्या पदार्थाला आपण विस्तवाचा पदार्थ म्हणून मिरवतो, तो शिजतो बंद भांड्यातल्या ओलाव्यावर. याहून जुना दाखला हवा असेल तर बाराव्या शतकातला ‘मानसोल्लास’ आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या या ग्रंथातल्या अन्नभोग प्रकरणात डुकराची कृती येते: उकळत्या पाण्याने केस काढायचे, अख्खं जनावर भाजायचं, मग तुकडे करून ते पुन्हा निखाऱ्यावर भाजायचे. आधी शिजवणं, शेवटी रंग आणि खरपूसपणा, ही दोन टप्प्यांची रीत नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे. ज्यांना धूर हवाच असेल त्यांनी शेवटी पातेल्यात वाटीभर पेटता कोळसा ठेवून, त्यावर चमचाभर तूप सोडून, झाकण घालून पाच मिनिटं धुरी द्यावी. ही धुरी आपल्या स्वयंपाकातली जुनी आणि प्रामाणिक आहे. बाटलीतल्या धुराची मात्र मी शिफारस करणार नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या घरातून येतो. तीन तास ओव्हन कशाला, कुकरला पाच-सहा शिट्ट्या दिल्या की झालं! कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंशांवर उकळतं आणि कोलॅजन अर्ध्या तासात विरघळतं, हे खरंच आहे. इंद्यालासाठी कुकर मला पूर्ण मान्य आहे, कारण तिथे विरघळलेलं सगळं रश्श्यातच राहतं आणि पोटात जातं. पण फळी पाण्यात उकळली की जिलेटिन आणि मांसाचा गोडवा पाण्यात उतरतो. जे हाडाला उरतं ते मऊ असतं पण बेचव असतं, आणि उचलताच गळून पडतं. गळून पडणं ही पसंतीची पावती समजली जाते, पण अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या परंपरेतले परीक्षक असं मांस अतिशिजलेलं धरतात. घास तोडला की तेवढ्याच जागी हाड स्वच्छ दिसावं आणि बाकीचं मांस जागेवर राहावं, ही त्यांची कसोटी. मला ती योग्य वाटते. ओव्हनमध्ये मांस स्वतःच्याच रसात शिजतं, म्हणून ही कसोटी तिथे पाळता येते.

कृतीत दोन-तीन जागी सावधपणा लागतो, त्या थोड्या सविस्तर सांगतो. किलोभराची फळी घ्यावी. हाडांच्या बाजूला पातळ, चकचकीत पापुद्रा असतो. तो शिजत नाही आणि मसाला आत जाऊ देत नाही. बोथट सुरीचं टोक एका हाडाशी त्याखाली घालून कडा मोकळी करावी, कोरड्या फडक्याने चिमटीत धरावी आणि ओढावी. बहुधा तो एका सलग पट्टीत निघतो. मग १० ते १२ ग्रॅम मीठ चोळून फळी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी. मीठ हे एकच द्रव्य खोलवर मुरतं. मसाले वरवरच राहतात. सकाळी दोन चमचे बॉटल मसाला, चमचाभर किसलेला गूळ आणि ठेचलेला लसूण चोळावा, दोन चमचे व्हिनेगर शिंपडावं. आता फॉइल. मीठ आणि आंबट या दोन्हींनी ॲल्युमिनियम झिजतं, म्हणून फळी आधी केळीच्या पानात गुंडाळावी आणि मग बाहेरून फॉइलचे दोन घट्ट थर द्यावेत. ओव्हन १३५ ते १४० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवून घ्यावा. घरगुती ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत बराच फरक असू शकतो, म्हणून आत ठेवायचा छोटा तापमापक घेतलेला बरा. खालची आणि वरची दांडी यांच्या मधोमध फळी ठेवून अडीच ते तीन तास दार उघडू नये. लहान डुकराची पातळ फळी दोन तासांत होते. मांस हाडाच्या टोकापासून बोटाच्या पेराएवढं मागे सरकलेलं दिसलं आणि काडी विनासायास आत गेली की ती झाली. गोड चटणी मात्र आधी कधीही लावू नये, कारण गूळ आणि टोमॅटो जास्त आंचेवर लवकर करपतात आणि कडवट होतात. फळी उघडून, पानातला रस टोमॅटो, गूळ, व्हिनेगर आणि थोड्या चिंचेबरोबर आटवून त्याचा लेप द्यावा आणि फक्त वरच्या दांडीखाली २०० ते २२० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवावी. त्या वेळी ओव्हनसमोरून हलू नये.

राहिले तीन छोटे आक्षेप. पोर्कमधून जंत होतात ही भीती निराधार नाही. कच्च्या राहिलेल्या मांसातून पट्टकृमी पोटात जातो. पण अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ पासून पोर्कच्या अखंड तुकड्यांसाठी ६३ अंश आणि वर तीन मिनिटांचा विसावा पुरेसा मानला आहे, आणि आपण ९० च्या पुढे जातो. मेंदूत गाठी करणारा आजार तर कृमीच्या अंड्यांनी, म्हणजे मैल्याने दूषित पाणी, न धुतलेली भाजी आणि अस्वच्छ हात यांतून होतो. त्यासाठी शिजलेल्या बरगडीला दोष देता येत नाही. विजेचं म्हणाल तर १५०० वॉटचा ओव्हन तीन तास अखंड पेटता राहिला तरी साडेचार युनिट होतील, आणि तापमान गाठलं की तो आपोआप बंद-चालू होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच. तिसरा मुद्दा शेजाराचा. या शहरात मांस खाणारे आणि न खाणारे एकाच मजल्यावर राहतात, आणि २०१५ साली पर्युषणातल्या मांसविक्रीबंदीवरून शहराचं नाव देशभर गाजलं. मांस खाण्याचा हक्क मी पूर्ण मानतो. तो बजावताना गॅलरीत कोळसा पेटवून शेजाऱ्याच्या वाळत्या कपड्यांवर धूर सोडणं मला बरं वाटत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांनाही स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. अशा काळात बंद दारामागे, दुहेरी फॉइलमध्ये शिजणारी फळी हा सगळ्यांनाच सोसवणारा मार्ग आहे.

तेव्हा येत्या रविवारी सकाळी मार्केटात जाल, तेव्हा सत्तूर उचलण्याआधी खाटकाला थांबवा आणि सांगा: “तुकडे नकोत, बरगडीची फळी अख्खी द्या.”