शुईमानच्या नावाची नोंद
(हीरक महोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाचा मजकूर)



दुसऱ्या महायुद्धातील ब्रह्मदेशची आघाडी म्हटली की इंफाळ, कोहिमा आणि आझाद हिंद सेना यांचे स्मरण होते. त्याच रणभूमीवर पश्चिम आफ्रिकेतील हजारो कृष्णवर्णीय सैनिकही लढले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. नायजेरिया, गोल्ड कोस्ट, सिएरा लिओन आणि गाम्बिया या ब्रिटिश वसाहतींतून आलेल्या या तरुणांच्या ८१व्या आणि ८२व्या अशा दोन डिव्हिजन होत्या. सेनापतींनी आपापल्या आठवणी लिहिल्या; साध्या आफ्रिकी सैनिकाचे आत्मकथन मात्र दुर्मीळ आहे. आयझॅक फडोयेबो हा अशा दुर्मीळ लेखकांपैकी एक.

आयझॅकचा जन्म १९२५ साली नायजेरियातील एमुरे-इले या खेड्यात झाला. प्राथमिक शिक्षण संपले आणि १९४२ मध्ये, अवघ्या सोळाव्या वर्षी, घरच्यांच्या इच्छेविरुद्ध तो फौजेत दाखल झाला. हिटलर किंवा जपानचा सम्राट यांच्याशी त्याचे काही वैर नव्हते. लिहितावाचता येत असल्याने त्याला रुग्णसेवेचे शिक्षण मिळाले. पुढे ८१व्या डिव्हिजनबरोबर तो समुद्रमार्गे भारतात आला आणि तेथून आराकानच्या कलादान खोऱ्याकडे निघाला.

या खोऱ्यात वाहन जाईल असा रस्ता नव्हता. चिरिंग्यापासून डोंगर फोडत सुमारे ७५ मैलांचा जीपमार्ग याच सैनिकांनी तयार केला. त्यापुढे तोफांपासून औषधांपर्यंतचे ओझे माणसांनी डोक्यावरून वाहिले, आणि अन्नधान्य विमानातून टाकले जाई.

मार्च १९४४ च्या आरंभी आयझॅकचे वैद्यकीय पथक कलादान नदीच्या काठी थांबले असताना जपानी सैनिकांनी अचानक गोळीबार केला. जखमींची शुश्रूषा करण्यासाठी आलेली माणसेच रक्तबंबाळ होऊन पडली. आयझॅकच्या मांडीचे हाड मोडले. चालू शकतील त्यांना शत्रूने कैद करून नेले. चालू न शकणारे तेथेच मरणार, हे गृहीत धरले. त्यांतून शेवटी दोघेच वाचले: आयझॅक आणि सिएरा लिओनचा डेव्हिड कार्गबो.

ते वाचले त्याचे कारण आसपासचे गावकरी. हे शेतकरी आराकानमधील मुसलमान, आज ज्यांना रोहिंग्या म्हणतात त्या समाजाचे. जखमी परदेशी सैनिकांची भाषा त्यांना येत नव्हती. त्यांच्यासारखी माणसेही त्यांनी पूर्वी कधी पाहिली नसावीत. तरीही ते रानात भात आणि पाणी आणून देत. पुढे शुईमान नावाच्या एका शेतकऱ्याने दोघांना आपल्या घरात आसरा दिला. जपानी गस्त सभोवती होती. सुगावा लागता तर शुईमान, त्याची पत्नी आणि मुले यांपैकी कोणाचीच धडगत नव्हती. एक दिवसाचे औदार्य पुष्कळांना जमते. येथे आपल्या ताटातला घास काढून देण्याचा प्रश्न नऊ महिने रोज नव्याने उभा राहत होता. डिसेंबर १९४४ मध्ये गुरखा सैनिक तेथे पोहोचले, तेव्हा दोघेही जिवंत होते.

आयझॅक मायदेशी परतला तो कायमचा लंगडत. त्याने सरकारी नोकरी केली, संसार केला, स्वतंत्र नायजेरिया पाहिला. शुईमानला मात्र तो विसरला नाही. पण युद्धानंतर त्या खेड्याकडे परतणे, पत्र धाडणे, काहीच शक्य झाले नाही. त्याने एकच गोष्ट केली: जे घडले ते साध्या इंग्रजीत लिहून काढले. ‘अ स्ट्रोक ऑफ अनबिलीव्हेबल लक’ या नावाने ते आत्मकथन १९९९ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाने प्रसिद्ध केले. स्वतःच्या शौर्याचा डंका त्यात नाही. आपले जगणे ही निव्वळ दैवाची कृपा, असे शीर्षकच सांगते. आणि त्या दैवाला शुईमान हे नाव होते, हे पुस्तक सांगते.

लेखनाचे फळ पुढे मिळाले. बार्नबी फिलिप्स या ब्रिटिश पत्रकाराच्या वाचनात ही कथा आली. त्याने वृद्ध आयझॅकची भेट घेतली आणि २०११ मध्ये त्याचे आभाराचे पत्र घेऊन तो ब्रह्मदेशात गेला. शुईमान तेव्हा हयात नव्हता. पण त्याचे कुटुंब सापडले आणि पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचले. सदुसष्ट वर्षांनी पोहोचलेले आभार! पुढच्याच वर्षी आयझॅकचे निधन झाले.

त्याच २०१२ साली आराकानमध्ये हिंसाचार उसळला, आणि २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात आसरा शोधावा लागला. ज्या समाजाने परक्यांना दार उघडले, त्याच समाजाला इतरांची दारे ठोठवावी लागली. आयझॅकचे पुस्तक हा अन्याय दूर करू शकत नाही. परंतु त्या समाजातील एक माणूस कसा वागला, याची साक्ष त्यात कायमची नोंदली गेली आहे.

परप्रांतात साठ वर्षे उभी राहिलेली मराठी शाळाही अशा अनेक शुईमानांच्या आधाराने उभी असते. कोणी जागा दिली असेल, कोणी अर्ध्या पगारावर शिकवले असेल, दुसरीच भाषा बोलणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याने पावसाळ्यात वर्गासाठी आपली ओसरी मोकळी करून दिली असेल. प्राथमिक शाळेत अक्षर गिरवलेल्या एका सैनिकाने आपल्या उपकारकर्त्याचे नाव पुसू दिले नाही. आपापल्या आठवणीतील अशी नावे, ती जाणणारी माणसे आहेत तोवर, लिहून ठेवणे हे माजी विद्यार्थ्यांच्या हाती आहे.