वहीतलं वाक्य कुणाचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या एका विद्यार्थिनीचा लघुप्रबंध तपासत होतो. पहिली पंधरा पानं साधी, थोडी अडखळत लिहिलेली. सोळाव्या पानावर भाषा एकदम भारदस्त झाली आणि दोन पानांनंतर पुन्हा मूळ पदावर आली. ती दोन पानं एका जुन्या समीक्षाग्रंथातली होती, शब्दन्‌शब्द.

मुलीला बोलावलं. ती घाबरली नाही, गोंधळली. ‘सर, हे माझ्या वहीतलं आहे,’ म्हणाली आणि वही आणून दाखवली. खरंच, वहीत होतं. ग्रंथालयात बसून तिनं तो उतारा उतरवून घेतला होता. पुस्तकाचं नाव नाही, अवतरणचिन्ह नाही, पान क्रमांक नाही. आठ महिन्यांनी लिहायला बसली तेव्हा आपलं कोणतं आणि दुसऱ्याचं कोणतं, हे तिलाच सांगता येईना.

याला वाङ्मयचौर्य म्हणायचं का? नियमानं, हो. विद्यापीठ अनुदान आयोगाची याविषयीची नियमावली २०१८ सालची आहे. दुसऱ्याचं लेखन किंवा कल्पना घेऊन ती आपली म्हणून मांडणं, अशी तिची साधी व्याख्या. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही आणि त्याच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. अवतरणचिन्हात, श्रेय देऊन घेतलेला मजकूर या हिशेबात धरत नाहीत. आमची मुलं मात्र या नियमावलीतून एकच गोष्ट उचलतात: ‘दहा टक्के चालतं!’ मग चोविसावरून नवावर यायला शब्द फिरवतात. ‘महत्त्वाचे’ऐवजी ‘महत्त्वपूर्ण’, ‘दिसते’ऐवजी ‘आढळते’. आकडा खाली येतो, पण विचार दुसऱ्याचाच राहतो आणि त्याचं नाव तेवढं गायब होतं.

पण मुलांना एकट्यांना कशाला बोल लावायचा? दहावी-बारावीपर्यंत आपणच सांगत आलो की व्याख्या पुस्तकात आहे तशीच लिही, नाहीतर मार्क जातील. गाईडमधलं उत्तर पाठ, निबंध पाठ, प्रयोगाचं जर्नल मागच्या वर्षीच्या मुलाकडून. ज्या गोष्टीला पंधरा वर्षं शाबासकी मिळाली, तिलाच विद्यापीठात गेल्यावर गुन्हा म्हणतात. मधल्या काळात कुणी काही शिकवलेलं नसतं.

मराठीत लिहिणाऱ्यांची एक खास अडचण आहे आणि तिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. इंग्रजी पुस्तकातले तीन परिच्छेद घ्यायचे, मराठीत आणायचे आणि खाली काहीच लिहायचं नाही. ‘भाषांतर मी केलंय, मेहनत माझी आहे,’ असं मला विद्यार्थ्यांनी सांगितलंय आणि एकदा एका सहकाऱ्यानंही. मेहनत खरी, पण ती भाषांतराची. प्रतिपादन मूळ लेखकाचंच. साम्य शोधणारं सॉफ्टवेअर मुख्यतः जुळणारे शब्द पाहतं, त्यामुळे हे त्यातून सहज निसटू शकतं, आणि म्हणून ते बिनधोक वाटतं. गीता मराठीत आणणाऱ्या ज्ञानेश्वरांनीसुद्धा ग्रंथाच्या अखेरीस आपण व्यासांच्या मागोमाग, भाष्यकारांना विचारत आलो, अशी कबुली दिली आहे. आपल्याला तळटीप द्यायला जड जातं! आता संगणकच निबंध लिहून देतो, तिथेही मी एवढंच विचारतो: यातलं तुझं कोणतं?

हे टाळायचं कसं? माझा अनुभव असा की प्रश्न वहीपाशीच सुटतो. टिपणं काढताना आधी लेखक, पुस्तक, पान लिहायचं, मग उतारा. जसंच्या तसं घेतलं तर त्याच क्षणी अवतरणचिन्ह टाकायचं. नंतर टाकू म्हटलं की ते राहतंच. आपले विचार वेगळ्या शाईत. आणि स्वतःच्या शब्दांत लिहायचं असेल तर पुस्तक मिटायचं. उघडं पुस्तक शेजारी असलं की हात तिकडेच जातो. मिटल्यावर काहीच सुचलं नाही, तर ते आपल्याला अजून समजलेलं नाही. परत वाचायचं. आणि आपल्या शब्दांत उतरलं तरी विचार ज्याचा त्याचं नाव द्यायचंच.

त्या मुलीनं ते प्रकरण पुन्हा लिहिलं. तीन आठवडे लागले. दोन पानांचं सव्वा पान झालं, त्यात दोन तळटिपा आल्या आणि शेवटी ‘इथे मात्र मला समीक्षकांचं म्हणणं पटत नाही’ असं एक वाक्य आलं. भाषा पुन्हा अडखळती. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्या वाक्यावर बोट ठेवलं. का पटत नाही, विचारलं. ती दहा मिनिटं बोलत होती.