मोळी सोडली की हातचा कळतो

वर्गात बोटं मोजायची नाहीत, हा नियम मी नोकरीच्या पहिल्या सहा वर्षांत फार कडक पाळला. बोटं मोजणारं मूल कच्चं आणि फटकन तोंडी उत्तर देणारं मूल पक्कं, असं मी स्वतः विद्यार्थिनी असताना ऐकलं होतं. तेच पुढे चालवत होते. एका मुलीमुळे तो नियम मी सोडला. आज तिचीच गोष्ट सांगणार आहे.

साल १९९६. बीड जिल्ह्यातल्या डोंगराळ भागातली आमची दोन शिक्षकी शाळा. वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की बैलगाड्या आणि ट्रक भरून माणसं कारखान्यांकडे निघत, ती पाडव्याच्या सुमारास परत येत. कुणाची मुलं आजीजवळ राहत, कुणाची सोबत जात. ही मुलगी तिसरीत होती आणि दर वर्षी सोबत जाणाऱ्यांपैकी होती. सोयीसाठी तिला आपण चंदा म्हणू.

चंदा हात पाठीमागे धरून बसायची. मला वाटायचं, किती शिस्तीची मुलगी! खूप उशिरा कळलं की ती पाठीमागे बोटं मोजत होती, मला दिसू नयेत म्हणून.

तिच्या वजाबाक्या चुकत. ४२ वजा १७, उत्तर ३५. ६१ वजा ३४, उत्तर ३३. ८३ वजा ४७, उत्तर ४४. मी प्रत्येकावर लाल फुली मारायची आणि बाजूला लिहायची, ‘हातचा विसरलीस’. अशा फुल्यांनी अर्धी वही भरली. एकदा वैतागून मी तिला फळ्याजवळ उभं केलं आणि म्हटलं, “दोनातून सात जातात का? नाही ना? मग शेजारून उसना घ्यायचा!” ती हळूच म्हणाली, “बाई, उसना घेतला तर माघारी कधी द्यायचा?”

वर्ग हसला. मीही हसले. पण त्या रात्री ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मुकादमाकडून उचल घेतलेल्या घरातली ती पोर. उसनं म्हणजे काय आणि ते फिटेपर्यंत काय करावं लागतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी मात्र तो शब्द नुसता घोकलेला. दशकाच्या घरातून खरोखर काय येतं आणि कुठे जातं, हे मी तिला कधी दाखवलंच नव्हतं.

मग मी तिची वही पुन्हा काढून नीट पाहिली. तिची उत्तरं चुकीची होती, पण वाटेल तशी नव्हती. प्रत्येक घरात ती मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करत होती. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. आणि ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हे तिला शिकवलं होतं कुणी? मीच, पहिलीत!

दुसऱ्या दिवशी मी घरून जुना खराटा आणला. त्याच्या काड्या मोडून सारख्या लांबीचे तुकडे केले आणि मुलांना दहा-दहाच्या जुड्या बांधायला सांगितल्या. मी ‘दशक’ म्हणत होते, मुलांनी लगेच नाव दिलं ‘मोळी’. उसाची मोळी कशी बांधतात, हे त्यांना सांगावं लागलं नाही. चंदासमोर चार मोळ्या आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. म्हटलं, “यातल्या सतरा मला दे.” तिनं आधी एक मोळी दिली. मग दोन सुट्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “सुट्या दोनच हायेत. मोळी सोडू का?”

इतकंच. इथे उसनंपासनं काही नाही. आपलीच मोळी, आपणच सोडायची. ४२ म्हणजे चार मोळ्या आणि दोन काड्या, तसेच ४२ म्हणजे तीन मोळ्या आणि बारा काड्या. माल तेवढाच, मांडणी वेगळी. तिनं गाठ सोडली, बारांतून सात मोजून दिल्या आणि उरलेल्या सांगितल्या, पंचवीस.

मला वाटलं, जिंकलो! पण तसं झालं नव्हतं. तीच वजाबाकी वहीत दिली आणि चंदानं पुन्हा ३५ लिहिले. काड्यांनी पंचवीस, वहीत पस्तीस, आणि तिला त्यात काही विसंगत वाटेना. काड्यांचा खेळ हे एक गाव आणि वहीतलं गणित हे दुसरं गाव. मधे रस्ताच नव्हता. साधनं दिली की गणित आपोआप येतं, असं समजणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं. गणित काड्यांमध्ये नसतं. हातानं केलेली कृती आणि कागदावरची खूण यांची सांगड घालावी लागते, आणि ते काम शिक्षकाचं असतं.

त्यानंतर आम्ही एक पद्धत ठरवली. दोघींच्या जोड्या करायच्या. एकीनं काड्या हाताळायच्या, दुसरीनं त्याच क्षणी लिहायचं. मोळी सुटली की चारावर काट मारून तीन, दोनाच्या डोक्यावर बारा. काम आधी, लिहिणं लगेच. आठवडाभरानंतर काड्या बाजूला ठेवून चित्रं काढायची, मोळीला उभी रेघ आणि सुट्या काडीला ठिपका. त्यानंतर चित्रही नाही. डोळे मिटायचे आणि मनात मोळी सोडायची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६०च्या दशकात शिकण्याच्या याच तीन रूपांबद्दल लिहिलं होतं, कृती, चित्र आणि चिन्ह. मी ते पुस्तकात पुष्कळ उशिरा वाचलं.

आपल्याकडे ही परंपरा नवी नाही. मारिया माँटेसरी १९३९ साली भारतात आल्या. त्यांच्या पद्धतीत सुटा मणी, दहा मण्यांची कांडी, शंभराचा चौरस आणि हजाराचा घन मुलांच्या हातात येतो. हजार म्हणजे किती, ते मूल वजनानंही ओळखतं. पण ती साधनं महागडी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम केलं, तेव्हा परिसरात मिळेल ते साधन मानलं. खडे, बिया, शिंपले, पानं. आमचा खराटा त्याच वाटेनं आला, असं मी समजते.

कुठलं साधन केव्हा द्यायचं, यालाही क्रम आहे. मोळीत दहा काड्या दिसतात, मोजता येतात, गाठ सोडून खात्री करता येते. दहाच्या नोटेत दहा रुपये दिसत नाहीत. तो विश्वासाचा व्यवहार आहे. तारेच्या पाटीवर दशकाचा मणी आणि एककाचा मणी सारख्याच आकाराचे असतात. फक्त जागेमुळे किंमत बदलते. म्हणून आधी मोळी, मग नोटा-नाणी, सर्वांत शेवटी मण्यांची पाटी. हा क्रम उलटा केला की मुलं ‘निळा मणी म्हणजे दहा’ असं पाठ करतात आणि मणी पिवळा झाला की अडतात.

आपल्या भाषेची एक अडचणही काड्यांनीच सोपी केली. आपण ‘पस्तीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी ऐकू येतो, म्हणून कितीतरी मुलं ५३ लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘तीस पाच’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला, ते आपल्याला आठवत असेल. माझा अनुभव असा की मुलांना दोन्ही द्यावं. तीन मोळ्या उचलताना ‘तीस’, काड्या उचलताना ‘पाच’, आणि सगळं एकत्र धरलं की ‘पस्तीस’. एकोणचाळीसला तर आणखी मजा. चार मोळ्या मांडायच्या आणि त्यातली एक काडी काढून घ्यायची. एकोण म्हणजे एक उणा, हे मुलांना तेव्हा दिसतं. मग एका मुलानं विचारलं, “बाई, नव्व्याण्णवला एकोणशंभर का म्हणत नाहीत?” उत्तर मला आलं नाही. पण माझ्या वर्गात असा प्रश्न पहिल्यांदाच आला होता, याचा आनंद झाला.

पुढे मी बदली होऊन दुसऱ्या शाळेत गेले. तिथे गणिताच्या साधनांची छान पेटी आली होती. ठोकळे, मणी, अपूर्णांकांच्या चकत्या, सगळं. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली आणि पेटी कपाटात गेली. एखादा ठोकळा हरवला तर भरून कोण देणार, ही भीती. दोन वर्षांनी मी ती उघडली तेव्हा ठोकळ्यांवरचं प्लॅस्टिक तसंच होतं. साधन हरवलं, मोडलं, मळलं, म्हणजे ते वापरलं गेलं, एवढं तरी आपल्या तपासण्यांमध्ये मानलं गेलं पाहिजे. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानं तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत गणित यावं, असं उद्दिष्ट ठेवलं आहे. ते पेट्या पोहोचवून साधणार नाही, पेट्या उघडून साधेल.

चंदाचं पुढे काय झालं? त्या वर्षीही दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर गेली. जाताना मी तिला पाच मोळ्या बांधून दिल्या. पाडव्यानंतर परत आली, तेव्हा जवळ एकही काडी नव्हती. विचारलं तर म्हणाली, “कोपीत आईनं चूल पेटवायला घेतल्या.” मला वाईट वाटलं. म्हटलं, आता पुन्हा पहिल्यापासून. फळ्यावर ७२ वजा ३८ लिहिले. तिनं डोळे मिटले. उजव्या हाताची दोन बोटं हवेत हलली, गाठ सोडावी तशी. आणि म्हणाली, “चौतीस.” मग जरा थांबून, “धाकट्यालाबी शिकवलं, बाई.”

हात या वेळी पाठीमागे नव्हते, समोर होते.

आपल्या घरी पहिली-दुसरीतलं मूल असेल आणि ते बोटं मोजत असेल, तर कृपा करून त्याला दटावू नका. मूठभर शेंगदाणे, चिंचोके, काड्या त्याच्या पुढ्यात ठेवा. उत्तर चुकलं तर लगेच दुरुस्त करू नका. ‘कसं केलंस, मला दाखव’ एवढंच म्हणा, आणि ते दाखवेल तिकडे नीट पाहा. माझी सहा वर्षं लाल फुल्या मारण्यात गेली. तुमची जाऊ नयेत.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)